आत्याचं ताट

२ नोव्हेंबर, रविवार

पुण्याहून माझ्या मार्गदर्शक मॅडमचा फोन आला. माझ्या अहवालाची पहिली तीन प्रकरणं त्यांनी वाचली. "अनुया, माहिती चांगली आहे, पण मधेमधे तुझा राग गळतोय. एक खाजगी वही कर. जे वाटतं ते तिच्यात लिही आणि अहवाल कोरडा ठेव." मला राग वगैरे येत नाही, असं मी त्यांना जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

तर ही वही. मॅडम म्हणाल्या, आधी स्वतःबद्दल लिही, मुलाखतीतल्या माणसांबद्दल लिहितेस तसं. बरं. स्त्री, वय एकोणचाळीस. हरिहरेश्वरच्या अलीकडे वडिलांची सुपारीची वाडी. आई-वडील आता नाहीत. पुढच्या घरात धाकटा भाऊ अनीश राहतो आणि पर्यटकांना खोल्या देतो. मागच्या दोन खोल्यांत मी, नूतन आणि केसर. नूतन श्रीवर्धनच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आम्ही सहा वर्षं एकत्र आहोत. केसर अडीच वर्षांची, नूतनच्या पोटची. एकट्या बाईला दाता घेऊन मूल होऊ देण्याची मुभा कायद्यात आहे, तेवढ्या फटीतून ती आली. मला काही त्या फटीतून आत जाता आलं नाही. जन्मदाखल्यावर आईचं एकच नाव आहे, आणि कायद्याच्या लेखी मी त्या पोरीची फार तर घरमालकीण लागते.

अभ्यासाचा विषय: किनाऱ्यावरच्या लहान गावांत मूल वाढवणारी समलिंगी जोडपी. मुंबई-पुण्याच्या जोडप्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे कुणी शोधत नाही, आणि शोधलं तरी माणसं सापडत नाहीत, कारण सगळी दार लावून बसलेली. वर्षभर उरणपासून श्रीवर्धनपर्यंत वणवण केली तेव्हा कुठे मोजकी घरं मिळाली. त्यांना महिन्यातून एकदा आमच्या वाडीत बोलावते. चहा, पोहे, पोरांचा दंगा आणि एकमेकांच्या अडचणी. शेजाऱ्यांना 'पालक मंडळ' म्हणून सांगितलंय. ते काही खोटं नाही.

माझ्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव 'आयती नाती'. म्हणणं असं की जगाशी भांडत बसू नका. आपल्याकडे नाती भरपूर आहेत, त्यातलं एक उचला. दुसरी आई असेल तर ती मावशी, दुसरा बाप असेल तर तो काका. मूल सुरक्षित, शेजारी खूश. मंडळात सगळ्यांना हे मीच शिकवलं. केसरसुद्धा मला मावशी म्हणते. ते प्रकरण मला स्वतःला फार आवडतं.

८ नोव्हेंबर

विनेशचा फोन, उरणहून. तो बंदरावर ट्रेलर चालवतो. त्याचा जोडीदार सुजित समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला, पंधरवडा तिकडे आणि पंधरवडा घरी. सुजितच्या मोडलेल्या लग्नातला मुलगा कान्हा या दोघांकडेच वाढतोय. विनेश त्याचा काका, अर्थात माझ्या सांगण्यावरून.

कान्हा शाळेच्या भिंतीवरून पडला आणि हात मोडला. सुजित समुद्रात.

"मॅडम, डाक्टर बोल्ला बेशुद्ध करून हाड बसवायला लागंल, बापाची सही पायजे. सुजितचा फोन लागत नाय. मी बोल्लो, मी काका हाय. तर बोल्ला, सख्खा का? आता काय बोलनार? पनवेलवरून सुजितची बहीण येईपर्यंत पोरगा कळवळत बसला."

मी म्हटलं, त्यांचा नियम असतो, त्यांची तरी काय चूक.

"चूक कोन बोलतंय? पन मी बाप बोल्लो असतो ना, तर निदान भांडलो असतो. काका बोलल्यावर भांडता पन येत नाय."

एका प्रसंगावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मी त्याला नीट समजावलं. "तुमचं बरोबर हाय, मॅडम," म्हणाला आणि फोन ठेवला. प्रकरणात तळटीप म्हणून घालता येईल.

१५ नोव्हेंबर

नूतनच्या आईचा फोन. केसर पोटात आहे हे कळल्यापासून ते घर नूतनशी बोलत नव्हतं. म्हसळ्यापासून आत त्यांचं गाव आहे. भातशेती, आई बायजाबाई, वडील रावजी, आणि महाडच्या एका कारखान्यात जाणारा भाऊ राहुल. नूतनचे हात पिठात होते म्हणून मीच फोन स्पीकरवर लावला.

"नूतन, पोरीचं जावळ काढलं का न्हाय?"

इतक्या काळाने पहिलं वाक्य हे. नूतन रडायलाच लागली. तिला बोलता येईना, म्हणून बायजाबाईच बोलत राहिल्या.

"आमच्यात पोरींचंबी काढतात, इसरलीस काय? मामाच्या मांडीवर पोर बसवायचं आन् आत्यानं ताटात केस झेलायचं. केस भुईला लागता कामा न्हाय. तीन वर्साच्या आत उरकाय पायजे. राहुल हाय की मांडीला."

"आणि आत्या कुठून आणू, आई?"

"त्ये माज्यावर सोड. आन् त्या बाईंनाबी आन संगट."

त्या बाई म्हणजे मी. नूतन लगेच हो म्हणाली. मला विचारलं नाही, आणि विचारायचं तसं कारणही नव्हतं. केसरच्या केसांना रोज सकाळी दोन रबरं मी लावते, ती आता लागणार नाहीत, एवढंच. मला काहीही वाटलं नाही.

१६ नोव्हेंबर

मिक्सर बिघडला. सुपारी उतरवणारा येतो म्हणाला आणि आला नाही. अनीशच्या पाहुण्यांनी सकाळपासून गाणी लावून डोकं उठवलं. केसरने माझ्या मुलाखतींच्या कागदांवर स्केचपेनने रेघोट्या मारल्या, मी तिच्यावर ओरडले, ती नूतनच्या मागे जाऊन लपली. नूतन दिवसभर गुणगुणत होती. एवढं गुणगुणण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही.

२२ नोव्हेंबर

सकाळी घावणे घालताना नूतन म्हणाली, "मी म्हसळ्याला विनंती बदली मागितलीय. नवीन वर्षात होईल बहुतेक. आईच्या जवळपास खोली बघेन. केसरला आजी-आजोबा मिळतील."

"तुझा निर्णय आहे," मी म्हणाले. "माहेर परत मिळत असेल तर मी आड येणार नाही."

ती उलथनं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तव्यावरचा घावणा करपला.

"एवढंच?"

"अजून काय?"

"काही नाही," म्हणाली आणि करपलेला स्वतःच्या ताटात घेतला.

मी फार समंजसपणे वागले असं मला वाटतं. दुसरी कुणी असती तर अकांडतांडव केलं असतं. दिवसभर मात्र हातापायांना स्वस्थता नाही. समुद्रावर गेले, परत आले, पुन्हा गेले. अहवालाचं एक पान उघडलं आणि तेच वाक्य वाचत बसले. पित्त झालं असावं.

३० नोव्हेंबर

मंडळ भरलं. विनेश आणि सुजित आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरून आले, प्लॅस्टरमधला कान्हा बरोबर. दिघीच्या नीराबाई आणि त्यांची जोडीदारीणही होती. कान्हाने प्लॅस्टरवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

विषय तोच निघाला, काका म्हणावं की न म्हणावं. सुजितचं म्हणणं, शाळेत खरं सांगितलं तर पोराला त्रास होईल. विनेश म्हणाला, त्रास झालाच ना, अजून काय व्हायचा राहिलाय. नीराबाई म्हणाल्या, आमचा मुलगा आता लग्नाचा झाला, त्याच्या पत्रिकेत हिचं नाव कुठे घालायचं ते सांगा. मी सगळ्यांचे मुद्दे टिपून घेतले.

नूतन मंडळात कधी बोलत नाही, चहा देते. आज किटली हातात घेऊन उभीच राहिली.

"मी सांगू का? केसर झाली तेव्हा कळा मी दिल्या. पण पाजून मी झोपायचे आणि ही तिला खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. तिला कणकण आली तर माझ्याआधी हिला कळतं, आणि मी नर्स आहे. पण डॉक्टरांनी विचारलं, ह्या कोण, की मी तोंड उघडायच्या आत ही सांगते, मावशी. हिचं ते तिसरं प्रकरण आहे ना."

सगळे हसले. मीही हसले.

"मला केसरला मावशी नको होती," नूतन म्हणाली. "माझ्या दोन सख्ख्या बहिणी आहेत, तिला मावश्या हव्या असत्या तर होत्या की."

आता कुणी हसलं नाही. बोट चुकेल म्हणून मी मंडळ आटोपतं घेतलं. बोटीला अजून बराच वेळ होता, हे विनेशने जाता जाता सांगितलं.

६ डिसेंबर

जावळ चौदा तारखेला ठरलं. सकाळी अनीशच्या पाहुण्यांचा नाश्ता उरकल्यावर त्याला थट्टेत म्हटलं, "तू का नाही जात मांडी घेऊन? तूही मामाच की."

तो बशा गोळा करत होता. हातातल्या बशा खाली ठेवल्या. "मी मामा? ताई, पोर मला दादा म्हणते. पाहुणे म्हणतात म्हणून ती म्हणते. तू तिला एकदा तरी सांगितलंस, हा तुझा मामा म्हणून?"

"गावात काय सांगितलं असतंस?"

"ते मी बघितलं असतं. मी वाट बघत होतो तू कधी म्हणतेस त्याची. मग वाटलं, तुलाच नको असेल. नूतनचीच मुलगी ती, असं तूच सगळ्यांना सांगत फिरतेस."

सगळ्यांना एकदम माझाच राग का यायला लागलाय? मी कुणाचं काय घोडं मारलंय? मी सगळ्यांचा त्रास वाचवला.

केसरला दुपारी झोपवताना म्हटलं, म्हसळ्याला गेलीस की माझी आठवण येईल का? ती म्हणाली, "मावशी पण गाडीत." तिच्या मते मी बरोबर जाणार आहे. मी तिला खरं सांगितलं नाही.

१४ डिसेंबर

आज लिहवत नाही.

१५ डिसेंबर

क्रमाने लिहिते, नाहीतर सुटेल.

काल सकाळी आम्ही तिघी नूतनच्या गावी पोचलो. भात झोडून झालेलं, अंगण सारवलेलं, कडेला पेंढ्याची उडवी. गावातल्या बायका भरपूर जमलेल्या. रावजींनी केसरला पाहिलं, "नूतन अश्शीच व्हती," म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले. नूतनच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी सहा वर्षांत पाहिला नव्हता, आणि मला तो बघवत नव्हता. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

राहुल पाटावर बसला. मला आशा होती की केसर रडेल, हातपाय झाडेल आणि माझ्याकडे झेप घेईल. तसलं काही झालं नाही. राहुलने तिच्या हातात मोटरसायकलची किल्ली दिली आणि ती त्याच्या मांडीवर जन्मापासून तिथलीच असल्यासारखी बसली.

बायजाबाई पितळेचं ताट घेऊन आल्या. ताटात हळदकुंकू आणि फुलं, हातावर कोरी जांभळी साडी. साडी पाटाजवळ ठेवली आणि ताट माझ्यासमोर धरलं. "या आत्याबाई, बसा फुडं. तुमचा मान हाय."

मला आनंद झाला. या बाईने माझ्यासाठी जागा शोधून ठेवली होती, मानाची, साडीसकट. माझं तिसरं प्रकरण न वाचता तिने तंतोतंत अमलात आणलं होतं. मी ताट घेऊन केसरच्या डोक्याशी बसले. न्हाव्याने वस्तरा चालवला, पहिली बट ताटात पडली, बायका हसल्या.

मग शेजारच्या एका म्हातारीने विचारलं, "ह्या नूतनच्या नवऱ्याच्या भन व्हय?"

"व्हय," बायजाबाई म्हणाल्या. "भाऊ गेला त्यांचा. पोर पोटात व्हती तवा."

बायका चुकचुकल्या. एकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "कशानं गेला वो भाऊ?" दुसरी म्हणाली, "तरनाच आसंल." तिसरीला फोटो बघायचा होता.

ताट माझ्या हातात आणि सगळ्या माझ्याकडे बघतायत. मला फक्त एक माणूस मारायचा होता, जो कधी नव्हताच. अपघात, ताप, काहीही चाललं असतं. मंडळात मी हेच तर शिकवते. मी नूतनकडे बघितलं. ती ओटीच्या खांबाला टेकून उभी होती. मान हलवली नाही, हो म्हणून नाही की नको म्हणून नाही. नुसती बघत होती, घावणे घालताना बघत होती तशी. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी ती परवानगी मागत नव्हती. ती मला थांबव म्हणत होती, आणि मी तिला जा म्हणाले होते.

"माझा भाऊ जिवंत आहे," मी म्हटलं. आवाज भलताच मोठा निघाला. "हरिहरेश्वरला खोल्या भाड्याने देतो. मी आत्या नाही. हिला बाप नाही. नूतन हिची आई आहे आणि मीही हिची आई आहे. आम्ही दोघींनी मिळून आणलंय हिला."

न्हाव्याचा हात थांबला.

"बंद करा," रावजी म्हणाले.

"काका, अर्धं डोकं कसं ठेवू?" न्हावी म्हणाला. खरंच, केसरचं एका बाजूचं डोकं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला मी सकाळी लावलेलं रबर.

राहुल उठेल असं वाटलं. तो मान खाली घालून बसून राहिला. "तू उरक रे," न्हाव्याला म्हणाला. "पोर कटाळंल."

बायजाबाईंनी ताटाला हात घातला. "द्या इकडं. सोडा." मी सोडलं नाही. केस भुईला लागायचे नाहीत, एवढं एकच डोक्यात होतं. त्यांनी ओढलं, मी धरून ठेवलं आणि ताट कलंडलं. केस, फुलं, कुंकू, सगळं सारवलेल्या अंगणावर. कुणीतरी "आगं बाय" म्हणून तोंडावर पदर घेतला.

नूतन खांबापासून आली, खाली बसली आणि केस वेचायला लागली. मीही वेचायला लागले. बारीक केस, शेणाला चिकटत होते. वरून उरलेले आमच्या डोक्यावर, हातांवर पडत होते. केसर आम्हाला बघून खिदळत होती, तिला तो खेळ वाटला.

जेवा, असं कुणी म्हणालं नाही. निघताना बायजाबाई कुंपणाच्या बेड्यापर्यंत आल्या. नूतनला म्हणाल्या, "तुज्यासाटी म्या गावात मेलेला जावई सांबाळला. कुनी इचारलं की डोळं पुसायची. आता कुनाला काय सांगू?" मग माझ्याकडे वळल्या. "तुमाला मान दिलावता की म्या. कमी व्हता?"

"कमी नव्हता," मी म्हटलं.

गाडीत म्हसळा मागे पडला. नूतन म्हणाली, "एवढी वर्षं वाट बघितली, आणि बोललीस ती माझ्या आईच्या अंगणात."

"मी तुझं माहेर घालवलं."

"घालवलंस," ती म्हणाली. मला वाटलं होतं, नाही गं असं काही म्हणेल. नाही म्हणाली. मागे वळून केसरच्या डोक्यावरचं टोपडं नीट केलं.

१८ डिसेंबर

नूतन जेवढ्यास तेवढं बोलते. केसर आरशात बघून स्वतःला "बाळ टक्कू" म्हणते. तिला तेल लावताना मी म्हटलं, मला आई म्हणशील का? तिने मला न्याहाळलं आणि "मावशी" म्हणाली. बरोबर आहे, शिकवलंय मीच.

पुण्याला फोन करून सांगितलं, तिसरं प्रकरण काढून टाकते. मॅडम म्हणाल्या, "काढू नकोस. त्याच्याखाली पुढे काय झालं ते लिही." त्यांना सांगायला सोपं आहे.

२१ डिसेंबर

बदली झाली. नूतनने दवाखान्यातून आल्या आल्या सांगितलं, चपला काढायच्या आधी.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

ती थांबली.

"मी समंजस नाही. मला तुझ्याशिवाय आणि तिच्याशिवाय राहता येणार नाही. मला राग येतो, तुझ्या आईचा येतो, राहुलच्या मांडीचासुद्धा येतो. जाऊ नकोस, नूतन." सगळं एका दमात बोलले आणि पायरीवर बसले.

"हे त्या दिवशी म्हणाली असतीस तर अर्ज मागे घेतला असता."

"आता घे."

"आता नाही. आता त्या गावात सगळ्यांना माहीत झालंय. माझी आई त्या बायकांची तोंडं एकटी बघतेय. तिला तिथे सोडून मी इथे समुद्राची हवा खात नाही बसणार." मग चपला काढल्या आणि माझ्या शेजारी बसली. "तू ये."

"मी? म्हसळ्याला?"

"तू, मी आणि केसर. एका घरात. कुणी विचारलं तर सांगायचं, आणि सांगणार तू."

"माझ्याशी तिथे कुणी बोलणार नाही."

"नाही बोलणार. मला त्याची सवय आहे. तुलाही होईल."

मला भीती वाटते. इथे वाडी आहे, अनीश आहे, इथे मला सगळे ताई म्हणतात आणि काही विचारत नाहीत. तिथे पहिल्या दिवसापासून विचारतील. मी विचार करून सांगते म्हणाले आणि वाडीत फेऱ्या मारत राहिले. अनीशला सगळं कळलं होतं, त्याने नूतनकडून आधीच ऐकलेलं. केसरला कडेवर घेऊन पुढच्या अंगणात उभा होता आणि एका पाहुण्याला सांगत होता, "माझी भाची." मला बघून जरा ओशाळला.

"जा, ताई," म्हणाला. "वाडी कुठे पळून जात नाही."

आत गेले. नूतन भाजी चिरत होती. "येते," मी म्हटलं. तिने कांदा बाजूला सारून माझा हात धरला, तसाच, ओल्या हाताने.

४ जानेवारी

खोली मिळाली नाही. सबंध दिवस म्हसळ्यात हिंडलो, केसर कडेवर, आळीपाळीने. पहिल्या घरी नवऱ्याचं नाव विचारलं. दुसऱ्या घरी मी नीट उत्तर दिलं आणि ते घर एकदम त्यांच्या पुतण्यासाठी राखून ठेवलेलं निघालं. नूतन चिडली नाही. मी दोघींच्या वाटची चिडले.

तिसरं घर एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, उजेड चांगला. घरमालकीण पन्नाशीच्या, हाताला तांदळाचं पीठ. नळाला पाणी केव्हा येतं, दवाखाना किती जवळ आहे, सगळं सांगून झालं. मग म्हणाल्या, "तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?"

नूतन केसरच्या टोपड्याची नाडी बांधू लागली. उत्तर माझ्यावर सोडलेलं.

"आम्ही हिच्या आया आहोत," मी म्हटलं. "दोघी."

बाईंनी केसरच्या टोपड्याकडे पाहिलं. "म्हणजे रावजींच्या अंगणात ताट सांडलं, त्या तुम्हीच?"

"हो."

"नाही हो. नाही देता येणार खोली. माझे दीर खालीच राहतात." त्यांनी दार हळू लावलं, आपटलं नाही.

आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो असू. मागून हाक आली. बाई रस्त्यावर धावत येत होत्या, पीठ तसंच हाताला, एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्या पायात भलतीच. मला वाटलं, काही विसरलं की काय.

"थांबा," म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघितलं. "माझी मुलगी ठाण्याला असते. एका मुलीबरोबर राहते. मूल आणायचं म्हणते दोघींना. मला म्हणाली, आई, बाळंतपणाला तू येशील ना? मी फोन ठेवून दिला. गणपतीपासून बोलले नाही." त्या जवळ सरकल्या. "काय बोलू हो मी तिच्याशी? तुम्ही सांगा."

या प्रश्नाचं उत्तर माझ्या चौथ्या प्रकरणात आहे, चांगलं दहा पानांचं. त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

"आधी फोन तर लावा," मी म्हटलं. "आम्ही उभ्या आहोत."

"आत्ता?"

"आत्ता."

त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले आणि कमरेचा फोन काढला. नूतन त्यांच्या बाजूला सरकून उभी राहिली. केसर माझ्या कडेवर, टोपडं काढून फेकलेलं, नवे केस तळव्याला टोचत होते. पलीकडे फोन उचलला गेला. बाईंच्या तोंडून शब्द फुटेना, त्या नुसत्या श्वास घेत होत्या. गल्लीत एवढी वर्दळ, तरी आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. तिकडून कुणीतरी घाबरून विचारत होतं, "आई? आई, बोल ना."